उमय्या घराण्याचा वारसा : यशातूनच ओढवलेला अंत

जेरुसलेममधल्या डोम ऑफ द रॉक या वास्तूत घुमटाभोवतीच्या अष्टकोनी कमानींवर काचेच्या बारीक तुकड्यांनी जडवलेला एक अरबी लेख आहे. निळ्या-हिरव्या पार्श्वभूमीवरची ही सोनेरी अक्षरांची ओळ सुमारे २४० मीटर लांब आहे. वास्तू उभारली ती उमय्या खलिफा अब्दुल मलिक याने. लेखात मात्र बांधणारा म्हणून अब्बासी खलिफा मामून याचे नाव येते. मामूनची कारकीर्द ८१३ ते ८३३ अशी, म्हणजे वास्तू उभी राहिल्यानंतर सव्वाशे वर्षांनी सुरू झालेली. त्याच्या काळात मूळ नाव काढून त्याचे नाव बसवण्यात आले, पण त्यापुढचे हिजरी ७२ हे साल, म्हणजे इ. स. ६९१-९२, तसेच राहून गेले. त्या सालामुळे खरा कर्ता ओळखता येतो. उमय्यांचा वारसा समजून घेताना वारंवार हेच करावे लागते. ६६१ ते ७५० या काळात या घराण्याचे चौदा खलिफा झाले. त्यांची सत्ता स्पेनपासून सिंधपर्यंत पसरली होती. तरीही त्यांच्याविषयी रूढ झालेले मत असे की, पहिल्या चार धर्मनिष्ठ खलिफांचा काळ आणि बगदादच्या अब्बासींचे वैभव यांच्यामध्ये आलेला हा केवळ राजेशाहीचा आणि चैनीचा कालखंड. हे मत अपुरे आहे. इस्लामी राज्य म्हणून पुढे जगाला जे ओळखू येऊ लागले, त्याची भाषा, नाणे, दफ्तर आणि वास्तू यांची घडण उमय्यांनी केली. आणि ती घडण इतकी खुली होती की ज्यांना त्यांनी बरोबरीचा हक्क नाकारला त्यांनाच ती हाती घेता आली. उमय्यांचे पतन हे त्यांच्या यशाचेच फळ होते, असे मला पुराव्यांवरून दिसते.

पहिली अडचण साधनांची आहे. उमय्यांचा सलग इतिहास आपल्याला मिळतो तो बलाझुरी (मृत्यू ८९२) आणि तबरी (मृत्यू ९२३) यांच्यासारख्या इतिहासकारांकडून. ते दोघेही अब्बासी राजवटीत लिहीत होते आणि ज्या घराण्याला हटवून ती राजवट आली त्याविषयी लिहीत होते. त्यांच्याकडे जुन्या आणि परस्परविरोधी आख्यायिका होत्या, त्या त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवल्याही; म्हणून त्यांना खोटे ठरवण्याचे कारण नाही. परंतु समकालीन पुरावा हाती येतो तेव्हा चित्र किती बदलते याचे एक उदाहरण पुरेसे आहे. ७०९ ते ७१४ या काळात इजिप्तचा सुभेदार असलेला कुर्रा बिन शरीक नंतरच्या ग्रंथांत अधर्मी आणि जुलमी म्हणून रंगवला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वरच्या इजिप्तमधल्या अफ्रोदितो या गावी पपायरसवर लिहिलेली त्याचीच पत्रे सापडली. ती बॅसिलिअस नावाच्या स्थानिक ख्रिस्ती अधिकाऱ्याला लिहिलेली आहेत. आरमारासाठी खलाशी पाठव, दमास्कस आणि जेरुसलेमच्या मशिदींच्या कामावर मजूर पाठव, थकलेला वसूल भर, अशा मागण्या त्यांत आहेत. शिवाय एखाद्या शेतकऱ्याचे येणे कोणी बुडवले असेल तर चौकशी करून ते मिळवून दे, रयतेवर जुलूम होऊ देऊ नकोस, अशा ताकिदीही आहेत. हा सुभेदार कनवाळू होता असे यावरून ठरत नाही. वसुलीबाबत तो कठोरच आहे. पण त्या ग्रंथांतला, मशिदीत मद्य पिणारा बेताल सरदार आणि गावोगावच्या हिशेबावर नजर ठेवणारा हा कारभारी एकच माणूस असेल, यावर विश्वास ठेवणे अवघड जाते.

तरीही उमय्यांवरचे सगळे आरोप शत्रूंनी रचले, असे म्हणणे चुकीचे ठरेल. घराण्याचा पहिला खलिफा मुआविया याने आपल्या मुलासाठी, यजीदसाठी, हयातीतच निष्ठेच्या शपथा घेतल्या आणि खिलाफत वंशपरंपरेने चालवण्याचा पायंडा पाडला. यजीदच्या कारकिर्दीत, १० ऑक्टोबर ६८० रोजी, पैगंबरांचे नातू हुसेन आणि त्यांचे मूठभर सोबती करबलाच्या मैदानात मारले गेले. ६८३ मध्ये त्याच्या फौजेने मदिनेवर चाल करून शहर लुटले आणि मक्केला वेढा घातला; त्या वेढ्यात काबाही जळाला. या घटनांचा नैतिक निवाडा इतिहासाने केव्हाच दिला आहे आणि तो फिरवण्याचे कारण नाही. करबलाची स्मृती शिया पंथापुरती राहिलेली नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत मोहरमला ताबूत आणि डोले निघतात, त्यांत हिंदू घरेही सामील होतात, आणि यजीद हे नाव अन्यायी सत्तेची खूण म्हणून तिथेही माहीत असते. प्रश्न इतकाच की, या निवाड्याने घराण्याच्या ऐतिहासिक कामगिरीचाही निकाल लागतो का? माझ्या मते लागत नाही. एखाद्या सत्तेचे पाप आणि तिने घडवलेल्या संस्था यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो, नाहीतर दोन्ही नीट कळत नाहीत.

आक्षेपकांचा एक मुद्दा वजनदार आहे. उमय्यांनी नवे काहीच घडवले नाही, बायझंटाइन आणि इराणी साम्राज्यांची आयती यंत्रणा फक्त चालवली, असे म्हटले जाते. पहिल्या पंचवीस वर्षांपुरते ते बव्हंशी खरे आहे. मुआवियाने दमास्कसला राजधानी केली तेव्हा तिथली बहुसंख्य प्रजा ख्रिस्ती होती, हिशेब ग्रीक भाषेत ठेवले जात आणि खजिन्याचा कारभार सर्जून बिन मन्सूर या ख्रिस्ती अधिकाऱ्याकडे होता. गॅलिली सरोवराजवळच्या हम्मत गादेर इथल्या गरम पाण्याच्या स्नानगृहाची ६६२ मध्ये दुरुस्ती झाली, तिची नोंद करणारा शिलालेख या काळाचा स्वभाव नेमका दाखवतो. लेख ग्रीक भाषेत आहे आणि त्याच्या आरंभीच क्रूस कोरलेला आहे. त्यात मुआवियाचा उल्लेख ‘अमीर अल-मुमिनीन’ या अरबी पदवीसह ग्रीक लिपीत केला आहे आणि कालगणना रोमन पद्धतीने देऊन शेवटी अरबांचे बेचाळिसावे वर्ष म्हणून नोंदले आहे. सत्ताधीश बदलला होता, सत्तेची बोली आणि खुणा मात्र जुन्याच होत्या. त्या बदलण्याचा प्रयत्न जड गेला, याचीही साक्ष आहे. एका समकालीन सिरियाक बखरीनुसार मुआवियाने सोन्याचांदीची नाणी पाडली, पण त्यांवर क्रूस नसल्यामुळे लोकांनी ती स्वीकारली नाहीत. म्हणून आयत्या यंत्रणेचा आक्षेप मान्य करूनही पुढचा प्रश्न उरतोच : मुआवियाला जे जमले नाही ते तीस-पस्तीस वर्षांत कसे शक्य झाले?

उत्तर यादवी युद्धात सापडते. यजीद ६८३ मध्ये वारला आणि साम्राज्य दुभंगले. मक्केत अब्दुल्ला बिन झुबेर यांनी खिलाफत पुकारली. इराक, इजिप्त, अगदी सीरियाच्या काही भागातही त्यांना मान्यता मिळाली. ६८५ मध्ये अब्दुल मलिक गादीवर आला तेव्हा उमय्यांची सत्ता सीरिया आणि परत मिळवलेला इजिप्त यांच्यापलीकडे फारशी उरली नव्हती. प्रतिस्पर्धी पवित्र मक्केत, पैगंबरांच्या निकटच्या सोबत्याचा मुलगा, आणि आपण करबलाच्या डागाचे वारस, अशा स्थितीत केवळ तलवारीने भागणार नव्हते. ही सत्ता इस्लामची आहे, हे सर्वांना दिसेल असे मांडणे भाग होते. विशेष म्हणजे ही कल्पना प्रथम प्रतिपक्षाला सुचली होती. पैगंबर मुहम्मद यांचे नाव असलेले आज माहीत असलेले सर्वांत जुने नाणे हिजरी ६६ चे, इराणमधल्या बिशापूर टाकसाळीतले आहे आणि ते झुबेर पक्षाच्या सुभेदाराने पाडलेले आहे. मग श्रेय उमय्यांना का द्यायचे, असे कोणी विचारेल. कल्पनेचे श्रेय त्यांचे नाहीच. पण त्या नाण्यावर पैगंबरांच्या नावाशेजारी इराणी बादशहाचा मुखवटा आणि अग्निवेदीही आहे. जुन्या चौकटीच्या काठावर नवी अक्षरे आली आहेत एवढेच. जुनी चौकट मोडून नवी बसवण्याचे आणि ती साम्राज्यभर अमलात आणण्याचे काम अब्दुल मलिकने केले. डोम ऑफ द रॉक त्या कामाची पहिली जाहीर घोषणा होती. ख्रिस्ती जगाच्या पवित्र शहरात उभ्या राहिलेल्या या वास्तूतला लेख ईश्वराच्या एकत्वाची ग्वाही देतो, येशूंचा गौरव पैगंबर म्हणून करतो आणि त्रैक्याची कल्पना नाकारतो.

हा बदल सर्वांत जवळून दिसतो तो नाण्यांत. आधी बायझंटाइन सोन्याच्या नाण्याची नक्कल करून पायऱ्यांवरच्या क्रूसाचा आडवा दांडा तेवढा काढून टाकलेली नाणी निघाली. पायऱ्या तशाच, वर नुसता उभा खांब. मग हिजरी ७४ ते ७७ या काळात लांब झगा घातलेला, कमरेची तलवार धरून उभा असलेला खलिफा सोन्याच्या नाण्यावर आला. हिजरी ७७ मध्ये, म्हणजे ६९६-९७ मध्ये, हे सारेच बाद झाले. नवा दिनार ४.२५ ग्रॅम वजनाचा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फक्त अक्षरे होती : मध्यभागी ईश्वर एकच असल्याची ग्वाही, कडेने कुराणातील वचन आणि नाणे पाडल्याचे साल. त्यावर राजाचे चित्र नव्हते, नावही नव्हते. दोन वर्षांनी चांदीचा दिरहम याच धर्तीवर आला, त्यावर टाकसाळीचे नावही असे. पंचवीसशे मैलांवरच्या दोन बाजारांत एकाच मजकुराचे नाणे चालू लागले. या नाण्यावर खलिफाचे नाव नाही ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सत्तेचा आधार व्यक्ती किंवा कुळ नसून श्रद्धा आहे, असे ते नाणे प्रत्येकाच्या हातात सांगत होते. हे सारे सरकारी प्रचाराचे साधन होते, असे कोणी म्हणेल. होतेच. पण राज्यकर्ता जे जाहीरपणे मान्य करतो ते पुढे त्याच्यावरही बंधनकारक ठरते, आणि उमय्यांच्या बाबतीत नेमके तसेच घडले.

दफ्तराची कथा याच मार्गाने जाते. ६९७ च्या सुमारास इराकमध्ये जमाखर्चाची दफ्तरे पहलवी भाषेतून अरबीत आली, ७०० च्या सुमारास सीरियात ग्रीकमधून, आणि ७०५-०६ मध्ये इजिप्तमध्ये. दूरच्या खुरासानात हा बदल व्हायला ७४२ साल उजाडले. एका हुकमासरशी कारकून बदलले असे मात्र घडले नाही. कुर्राच्या काळातही अफ्रोदितोचे कितीतरी हिशेब ग्रीकमध्येच आहेत. अरबी भाषा कुराणामुळे पसरली, राज्यामुळे नव्हे, असाही एक आक्षेप आहे. इराणचे उदाहरण पाहिले तर दोन्ही म्हणण्यांची मर्यादा कळते. इराणी लोक मुसलमान झाले, त्यांनी कुराण अरबीत वाचले, तरी त्यांची बोली फारसीच राहिली. म्हणजे धर्मामुळे आपोआप भाषा बदलत नाही. पण त्याच इराणमधला हुशार तरुण चाकरीसाठी, विद्येसाठी, पत्रव्यवहारासाठी अरबी शिकू लागला. ही गरज दफ्तराने निर्माण केली. बोली कोणतीही असो, लिहिण्याची आणि ज्ञानाची सामाईक भाषा म्हणून अरबीला जे स्थान मिळाले त्यात धर्माइतकाच उमय्या दफ्तराचाही वाटा आहे.

आता या राज्याच्या पोटातली विसंगती पाहू. उमय्यांच्या सत्तेचा आर्थिक पाया साधा होता. जिंकलेल्या मुलखातला बिगरमुसलमान शेतकरी कर भरी, आणि त्या वसुलातून कुफा, बसरा, फुस्तात अशा छावणीच्या शहरांत राहणाऱ्या अरब शिपायांना त्यांच्या टोळीनिहाय नोंदीप्रमाणे तनखे मिळत. ही रचना टिकण्यासाठी अरब वेगळे आणि प्रजा वेगळी राहणे आवश्यक होते. पण नाणी, मशिदी आणि दफ्तर तर सर्वांना एकाच श्रद्धेकडे बोलावत होते. लोक मुसलमान होऊ लागले, शेती सोडून शहरांकडे येऊ लागले आणि वसूल घटू लागला. या नवमुसलमानांना ‘मवाली’ म्हणत. त्यांना कोणत्या तरी अरब टोळीचे आश्रित म्हणून राहावे लागे आणि तनख्यात, मानात त्यांची पायरी खालची असे. इराकचा सुभेदार हज्जाज बिन युसूफ याने त्यांना शहरांतून हुसकून गावी परत धाडले. पुढे उमर बिन अब्दुल अझीझ (७१७–७२०) या खलिफाने, जो धर्म स्वीकारतो त्याच्यावर अन्य प्रजेचा डोईकर राहता कामा नये, अशी न्याय्य भूमिका घेतली. पण त्याची कारकीर्द तीन वर्षांतच संपली. ७२८ मध्ये खुरासानच्या सुभेदाराने समरकंद भागातल्या लोकांना मुसलमान झाल्यास कर माफ, असे वचन दिले. लोक मोठ्या संख्येने मुसलमान झाले, वसूल कोसळला, आणि त्याने वचन फिरवले. मग बंड पेटले. उत्तर आफ्रिकेत तर मुसलमान झालेल्या बर्बरांना जिंकलेली लूट समजून त्यांच्यातून पाचवा हिस्सा मागण्यापर्यंत सुभेदाराची मजल गेली, आणि ७४० मध्ये तिथे जो उठाव झाला त्याने मगरिब कायमचा हातातून गेला. या बंडखोरांची मागणी अरबांचा धर्म झुगारण्याची नव्हती. दिनारावर लिहिलेल्या तत्त्वाचा हक्क ते मागत होते.

पतनाचे हे कारण एकमेव नाही, असे अनेक अभ्यासक म्हणतात, आणि त्यांच्या मुद्द्यांना उत्तर द्यायला हवे. एक मुद्दा अरबांमधल्या भाऊबंदकीचा. ६८४ च्या मर्ज राहितच्या लढाईपासून कैस आणि यमनी गटांत जे वैर पेटले ते शेवटपर्यंत विझले नाही. दुसरा मुद्दा सीमेवरच्या पराभवांचा. ७११ नंतर काही वर्षांतच स्पेन, सिंध आणि मध्य आशिया ताब्यात आले, पण ७१७-१८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा वेढा फसला आणि ७३२ मध्ये फ्रान्समध्ये माघार घ्यावी लागली. पूर्वेकडची हद्द तर आपल्या दारापर्यंत आली होती. ७३९ च्या नवसारी ताम्रपटात लाटच्या चालुक्य शाखेचा अवनिजनाश्रय पुलकेशी याने ‘ताजिक’ म्हणजे अरब फौजेचा पराभव केल्याची नोंद आहे. सैंधव, कच्छेल्ल, सौराष्ट्र, चावोटक, मौर्य आणि गुर्जर राजांना नमवून दक्षिणापथात शिरू पाहणारे हे सैन्य नवसारीच्या परिसरात अडवले गेले, आणि त्याबद्दल चालुक्य सम्राटाने पुलकेशीला ‘दक्षिणापथसाधार’ यासारख्या पदव्या दिल्या. लढाया थांबल्या म्हणजे लूट थांबली आणि शिपायांचे खर्च अंगावर आले. हे दोन्ही मुद्दे खरे आहेत, पण ते माझ्या प्रतिपादनाला छेद देत नाहीत. टोळ्यांचे भांडण शेवटी सुभेदारी आणि तनखा कोणाच्या वाट्याला यावा याचेच होते. सीमेवरच्या अपयशाने तोच वाटा आक्रसला. वाटेकरी थोडेच असावेत आणि तेही जन्माने ठरावेत, ही अट राज्याच्या धार्मिक दाव्याशी जुळत नव्हती. भरभराटीत ती विसंगती झाकली गेली, टंचाईत उघडी पडली.

७४७ मध्ये खुरासानात अब्बासींच्या बाजूने काळे झेंडे उभारले गेले. त्या उठावाचा सेनानी अबू मुस्लिम याने शिपायांची नोंद कुळावर न करता गावावर केली, असे तबरीच्या आधारे दिसते. त्या सैन्यात अरबही भरपूर होते, म्हणून हा इराण्यांचा अरबांवरचा विजय, अशी एकेकाळची मांडणी आज टिकत नाही. पण नोंदवहीतला तो बदल छोटा नव्हता : कोण कोणाचा मुलगा हे न विचारता अरब आणि बिगरअरब एका रांगेत उभे करणारी ती व्यवस्था होती. ७५० मध्ये झाब नदीवर शेवटचा खलिफा दुसरा मरवान हरला आणि त्याच वर्षी इजिप्तमध्ये मारला गेला. विजेत्यांनी घराण्यातल्या माणसांची कत्तल केली. खलिफांच्या कबरीही उकरल्याचे इतिहासकार सांगतात. इतक्या द्वेषानंतर त्यांनी काय काय ठेवले ते पाहण्यासारखे आहे. दिनारावरचा मजकूर थोडा बदलला, पण चित्राविना अक्षरांचे नाणे, त्याचे प्रमाण आणि रचना तीच राहिली. हे नाणे इतके विश्वासाचे ठरले की इंग्लंडमधल्या मर्सियाचा राजा ऑफा याने ७७४ च्या अब्बासी दिनाराची अरबी अक्षरांसकट नक्कल पाडून त्यात आपले नाव घातले. दफ्तर अरबीच राहिले. वंशपरंपरागत खिलाफतही राहिली, जी उमय्यांच्या माथी मारून निंदली गेली होती.

वारसा सर्वांत ठळक दिसतो तो माणसांत. शेवटच्या उमय्या खलिफाचा चिटणीस अब्दुल हमीद याला अरबी पत्रलेखनाच्या गद्याचा आद्य शिल्पकार मानतात. तो जन्माने अरब नव्हता. इब्न मुकफ्फा हा इराणी लेखक उमय्या अधिकाऱ्यांच्या दफ्तरात वाढला, आणि पुढे अब्बासी काळाच्या आरंभी त्याने पहलवीतून ‘कलीला व दिम्ना’ अरबीत आणले. आपल्या पंचतंत्रातल्या कथा जगभर गेल्या त्या मुख्यतः या अरबी रूपातून. अरबी भाषेचे पहिले मोठे व्याकरण लिहिणारा सिबवैहही इराणीच. विजेत्यांची भाषा पराभूतांच्या नातवंडांनी आपली केली, इतकी की तिचे नियम त्यांनी बांधून दिले. बगदादच्या ज्या सुवर्णकाळाचे गुणगान होते त्याची पेरणी दमास्कसच्या दफ्तरात झाली होती. कत्तलीतून सुटलेल्या अब्दुल रहमानने ७५६ मध्ये कोर्दोबात घराणे पुन्हा उभे केले, तिथे त्याच्या वंशाची सत्ता १०३१ पर्यंत चालली आणि कोर्दोबाची मशीद आजही उभी आहे. स्पेनची ही शाखा वैभवशाली खरी. पण तीही दमास्कसमध्ये ठरलेल्या त्याच घडणीवर उभी होती, म्हणून तिला वेगळा वारसा मानण्याची गरज नाही.

आज उमय्यांकडे पाहण्याच्या दोन टोकाच्या पद्धती आहेत. काही अरब राष्ट्रवादी त्यांना अरबांच्या वैभवाचे प्रतीक मानतात. इतर अनेकांना यजीदखेरीज दुसरे काही आठवत नाही. दोघेही घराण्यालाच वारसा समजतात. पहिल्यांना हे सांगावे लागेल की, ज्या राज्याने अरबांचा जन्मसिद्ध मोठेपणा जपायचा प्रयत्न केला ते त्याच प्रयत्नात बुडाले. टिकले ते जे सर्वांना खुले होते ते. दुसऱ्यांना हे, की करबलाचा अन्याय जितका खरा आहे तितकेच हेही खरे आहे की त्या अन्यायाविरुद्ध पुढे ज्या भाषेत लिहिले गेले, ज्या तत्त्वाच्या आधारे समान हक्क मागितला गेला, त्यांना राज्यमान्यता याच घराण्याच्या काळात मिळाली. राज्यकर्ते आपल्या सत्तेच्या समर्थनासाठी मोठे तत्त्व जाहीर करतात, पण ते जाहीर केल्यावर त्याचा अर्थ ठरवण्याचा हक्क त्यांच्याकडे राहत नाही. उमय्यांनी स्वतःसाठी जे उभे केले ते इतरांनी त्यांच्यापेक्षा अधिक गांभीर्याने घेतले. म्हणून त्यांच्या नव्वद वर्षांचा हिशेब मांडताना त्यांच्या विजयांची यादी पुरेशी नाही आणि त्यांच्या पापांचीही नाही. त्यांनी नाकारलेल्या माणसांनी त्यांच्याच साधनांनी पुढे काय घडवले, हे त्या हिशेबात धरावेच लागेल.